तुकडे जोडायचे, पण नेमके केव्हा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ग्रंथनिर्मितीतील संगणकाच्या वापराविषयी आपल्या पुरवणीत नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. पानजुळणी हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे या विषयावर मराठी दैनिकात काही छापून आले याचाच आधी आनंद झाला. मोठा ग्रंथ एकाच एक्सएमएल फाइलमध्ये (म्हणजे मजकुराचा कोणता भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा घातलेल्या फाइलमध्ये) कोंबू नये, प्रकरणागणिक स्वतंत्र फाइल ठेवावी, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. चार जण एकाच वेळी काम करू शकतात, ज्या प्रकरणात बदल झाला तेवढेच पुन्हा तपासता येते, आणि एखादे परिशिष्ट दुसऱ्या पुस्तकात वापरायचे झाल्यास ते उचलून नेता येते. परंतु प्रत्येक फाइलची वेगळी पानजुळणी करावी आणि तयार झालेल्या पीडीएफ शेवटी एकापुढे एक जोडाव्यात, हा जो उपाय लेखात पुढे सुचवला आहे, त्याला माझी हरकत आहे. तुकडे जोडण्याची ती वेळ नव्हे. तोवर फार उशीर झालेला असतो.

पीडीएफ हे पानजुळणीचे शेवटचे फळ आहे. ती तयार होते तेव्हा पृष्ठांक, आकृत्यांचे क्रमांक, तळटिपांचे अंक आणि ‘पाहा, पृष्ठ अमुक’ असे सारे उल्लेख पक्के होऊन बसलेले असतात. दुसऱ्या प्रकरणात मुद्रितशोधकाने एक परिच्छेद वाढवला आणि मजकूर एका पानाने पुढे सरकला, तर त्यानंतरच्या प्रत्येक प्रकरणाचा आरंभीचा पृष्ठांक कोणीतरी हाताने बदलायचा. पाचव्या प्रकरणातून नवव्या प्रकरणातील कोष्टकाकडे बोट दाखवायचे असेल, तर नवव्याची फाइल पाचव्याच्या कामात उघडलेलीच नसल्यामुळे तिथे क्रमांकाऐवजी प्रश्नचिन्ह उमटते. आणि ग्रंथाच्या शेवटची शब्दसूची तर सर्व प्रकरणांतील नोंदी एकत्र वेचून, वर्णक्रमाने लावून, एका नोंदीखाली अनेक पृष्ठांक गोळा करूनच तयार होते. सुट्या पीडीएफमधून ती करायची म्हणजे पुन्हा कागद, पेन्सिल आणि रात्रपाळी.

याच्या उलट टोकाचा मार्गही काही जण अवलंबतात. सगळ्या फाइली मजकूर म्हणून एकाखाली एक चिकटवून मोठी फाइल करायची. एक्सएमएलच्या नियमांत हे बसत नाही. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने संमत केलेल्या एक्सएमएल १.० नुसार दस्तऐवजाला एकच मूळ घटक (बाकी सगळ्या घटकांना पोटात घेणारा) असावा लागतो, आणि आवृत्ती व संकेतन (अक्षरे साठवण्याची रीत) सांगणारी एक्सएमएलची घोषणा असलीच तर ती फाइलच्या अगदी आरंभीच असावी लागते. चिकटवलेल्या फाइलमध्ये मूळ घटक जितकी प्रकरणे तितके होतात आणि घोषणा मधोमध येतात, म्हणून पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम, ती वाचायलाच नकार देतो. एक फाइल यूटीएफ-८ या संकेतनात आणि दुसरी यूटीएफ-१६ मध्ये असेल, तर चिकटवलेले प्रकरण अक्षरशः वाचता येत नाही. फाइलच्या आरंभी दडलेले, डोळ्यांना न दिसणारे बाइटक्रमाचे चिन्ह मजकुराच्या मध्यात गेले की ते शून्य रुंदीचे अक्षर होऊन बसते, आणि मग अमुक शब्द शोधूनही का सापडत नाही याचा उलगडा व्हायला संध्याकाळ लागते.

तेव्हा जोडायचे ते कागदासारखी दिसणारी पाने नव्हेत आणि अक्षरांच्या ओळीही नव्हेत. पार्सरने फाइल वाचल्यावर घटकांचा जो वृक्ष उभा राहतो, त्या वृक्षाला दुसऱ्या फाइलची फांदी जोडायची, आणि हे क्रमांक पडण्यापूर्वी, पान आखण्यापूर्वी करायचे. मला या पत्रात सांगायचे आहे ते एवढेच. बाकीचा मजकूर हे प्रत्यक्षात कसे करावे आणि कुठे ठेच लागते याविषयी आहे.

यासाठीची सर्वांत जुनी सोय एक्सएमएलला एसजीएमएलकडून, म्हणजे १९८६ च्या आयएसओ मानकाकडून, वारशाने मिळाली आहे. मुख्य फाइलच्या डोक्यावर डीटीडीत (कोणता घटक कुठे चालतो याच्या नियमांत) प्रत्येक प्रकरणासाठी एक बाह्य एंटिटी, म्हणजे दुसऱ्या फाइलसाठीचे एक नाव, जाहीर करायची आणि मजकुरात तिचे नाव लिहायचे. पार्सर त्या जागी संबंधित फाइल आणून ठेवतो. ही पद्धत अजून चालते, पण मी ती नव्या कामासाठी सुचवत नाही. अशा रीतीने आणलेल्या फाइलला स्वतःची डॉकटाइपची घोषणा (डीटीडी कोणती ते सांगणारी ओळ) ठेवता येत नाही, त्यामुळे ती एकटी उघडून डीटीडीप्रमाणे तपासायची म्हटले तर अडचण होते. फाइलचा एखादाच भाग आणायचा असेल तर त्याला वाट नाही. रिलॅक्स एनजीसारख्या नव्या स्कीमा भाषांमध्ये (डीटीडीसारखेच नियम लिहिण्याच्या भाषांमध्ये) एंटिटी जाहीर करण्याची सोयच नाही. शिवाय बाह्य एंटिटींचा गैरवापर करून संगणकावरील खासगी फाइली वाचण्याचे प्रकार घडल्यापासून कित्येक पार्सर त्या मुळातच बंद करून ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

तिच्या जागी आलेली व्यवस्था म्हणजे एक्सइन्क्लूड. तिची पहिली शिफारस डिसेंबर २००४ मध्ये आणि दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मुख्य फाइलमध्ये फक्त ग्रंथाचे नाव आणि प्रकरणांचा क्रम राहतो. प्रत्येक ठिकाणी एक ‘इन्क्लूड’ घटक असतो आणि त्याच्या ‘एचरेफ’ गुणधर्मात फाइलचा पत्ता असतो. प्रत्येक प्रकरण हा स्वतंत्र, सुघटित दस्तऐवज असतो, त्याचे संकेतन वेगळे असले तरी बिघडत नाही, त्याने वापरलेले नेमस्पेस (घटकांची नावे कोणत्या संचातली ते सांगणाऱ्या खुणा) जोडणीनंतरही आपापल्या अर्थाने टिकतात. एक्सपॉइंटर या फाइलमधली नेमकी जागा दाखवणाऱ्या सोयीच्या साहाय्याने फाइलमधला एकच परिच्छेद किंवा एकच कोष्टक आणता येते, आणि प्रोग्रामचा नमुना छापायचा असेल तर ‘पार्स’ गुणधर्माची किंमत ‘टेक्स्ट’ ठेवून फाइल जशीच्या तशी साधा मजकूर म्हणून घेता येते. दोन फाइली एकमेकींना बोलवू लागल्या तर ते चक्र घातक दोष मानून काम थांबते, हीही सोय चांगली आहे.

तरीही एक्सइन्क्लूड आपोआप चालत नाही, आणि माझ्या पाहण्यातील निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. बहुतेक पार्सरमध्ये ते मुद्दाम सुरू करावे लागते. ते सुरू न करता फाइल एक्सएसएलटीकडे, म्हणजे एक्सएमएलचे रूपांतर करणारे साचे लिहिण्याच्या भाषेकडे, पाठवली, तर साच्याला ‘इन्क्लूड’ नावाचा एक रिकामा घटक दिसतो, त्यासाठी नियम नसल्यामुळे तो काहीच छापत नाही, आणि कसलीही सूचना न येता मुखपृष्ठ व रिकामी अनुक्रमणिका एवढाच ग्रंथ बाहेर पडतो. म्हणून जोडणी ही वेगळी पायरी ठेवावी, असे माझे मत आहे. आधी एक्सएमएललिंटसारख्या साधनाने ‘एक्सइन्क्लूड’ हा पर्याय देऊन सगळे एकत्र करावे, एकत्र झालेली फाइल डिस्कवर लिहावी, ती उघडून पाहावी आणि मगच पुढे जावे. चित्रांचे पत्ते प्रकरणाच्या फाइलपासून मोजलेले असतात. ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये असेल तर जोडणी करणारे साधन आणलेल्या घटकावर ‘एक्सएमएल-बेस’ हा गुणधर्म घालून मूळ जागेची आठवण ठेवते. आपल्या साच्याने त्याची दखल घेतली नाही तर चित्रे गायब होतात, आणि आपल्या स्कीमात त्याला जागा नसेल तर प्रत्येक प्रकरण सुटेसुटे वैध असूनही जोडलेला ग्रंथ अवैध ठरतो. नवख्या माणसाला हे फार बुचकळ्यात टाकते. स्कीमात त्या एका गुणधर्माला परवानगी दिली की प्रश्न मिटतो.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती सांगते. एक्सइन्क्लूडमध्ये ‘फॉलबॅक’ नावाचा घटक असतो. फाइल सापडली नाही तर त्यातील मजकूर वापरला जातो, आणि तो घटकच नसेल तर काम दोष दाखवून थांबते. लेखकाकडून काही प्रकरणे यायची होती, तोवर काम अडू नये म्हणून मी सगळीकडे रिकामे फॉलबॅक घालून ठेवले. पुढे एका प्रकरणाच्या फाइलचे नाव कोणीतरी बदलले, आणि ते प्रकरण कच्च्या छपाईतून निमूटपणे वगळले गेले. प्रकरणांचे क्रमांक आपोआप पडत असल्यामुळे त्यांतही खंड दिसेना. अनुभवी मुद्रितशोधकाच्या ते लक्षात आले, कारण पानांचा गठ्ठा त्यांना हाताला हलका लागला. तेव्हापासून फॉलबॅक ठेवायचाच झाला तर त्यात ‘हे प्रकरण आलेले नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहिते, आणि अंतिम प्रतीपूर्वी तो काढूनच टाकते.

आयडींचा, म्हणजे घटकांना ओळखीसाठी दिलेल्या नावांचा, प्रश्न याहून नाजूक आहे. प्रत्येक लेखक आपल्या पहिल्या आकृतीला ‘आकृती-१’ असाच आयडी देतो, आणि फाइल सुटी असेपर्यंत त्यात काहीच गैर नसते. बारा प्रकरणे जोडली की एकाच नावाच्या बारा आकृत्या होतात. एक्सइन्क्लूड ही नावे बदलत नाही. एक्सएसएलटीत आयडीवरून शोध घेतला तर दस्तऐवजात पहिल्यांदा येणारा घटकच हाती लागतो, म्हणजे अकराव्या प्रकरणातील वाचकाला पहिल्या प्रकरणातल्या आकृतीकडे पाठवले जाते आणि तपासणी करणाऱ्याला दुवा मात्र ‘चालू’ दिसतो. यावर डिटा या, मजकूर छोट्या विषयांत विभागून लिहिण्याच्या एक्सएमएल पद्धतीने काढलेली तोड मला पटते. आयबीएममध्ये जन्मलेल्या आणि २००५ साली ओएसिस या मानक-संस्थेचे मानक झालेल्या डिटात आतल्या घटकाचा आयडी फक्त आपल्या विषयापुरता वेगळा असला की पुरते, कारण उल्लेख करताना फाइल, विषय आणि घटक अशी तिन्ही नावे सांगितली जातात. डॉकबुक किंवा टीईआय या एक्सएमएलच्या दुसऱ्या खूणपद्धती वापरणाऱ्यांनी प्रकरणाचे छोटे नाव आयडीच्या आधी लावण्याचा शिरस्ता पहिल्या दिवसापासून पाळावा. नंतर बदलणे म्हणजे सगळे उल्लेख शोधत बसणे. वैधतेची तपासणीही दोनदा व्हावी, प्रकरण सुटे असताना आणि सर्व जोडल्यावर, कारण आयडींची टक्कर दुसऱ्या खेपेलाच दिसते.

काही वाचक म्हणतील की एक्सएसएलटीत ‘डॉक्युमेंट’ हे फंक्शन १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, त्यानेच सगळ्या फाइली का आणू नयेत? आणता येतात, पण त्या एका वृक्षात येत नाहीत. प्रत्येक फाइलचा वृक्ष वेगळाच राहतो. क्रमांक देणारी ‘नंबर’ ही आज्ञा आपल्या वृक्षापुरतेच मोजते, त्यामुळे तळटिपा प्रत्येक प्रकरणात पुन्हा एकपासून सुरू होतात. ‘की’ हे फंक्शन पहिल्या आवृत्तीत चालू दस्तऐवजाबाहेर पाहत नाही; दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २००७ साली, त्याला तिसरी किंमत देऊन कुठे शोधायचे ते सांगण्याची सोय झाली. आणखी एक खोच अशी की फाइलचे नाव अवतरणात थेट लिहिले तर पत्ता साच्याच्या फाइलपासून मोजला जातो, स्रोताच्या गुणधर्मातून घेतले तर स्रोतापासून. साचे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी यावर कपाळाला हात लावलेला असतो. मी हे फंक्शन संक्षेपांची यादी, संदर्भग्रंथांची नोंद, लेखकपरिचय अशा सहायक सामग्रीसाठी राखून ठेवते. वाचल्या जाणाऱ्या मजकुरासाठी एक्सइन्क्लूड, नुसत्या शोधून आणायच्या माहितीसाठी ‘डॉक्युमेंट’, अशी माझी विभागणी आहे.

टेक या पानजुळणीच्या प्रोग्रामवर आधारलेल्या कॉन्टेक्स्टसारख्या प्रणालीने थेट एक्सएमएल जुळवणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि न्यायाने ती सांगायला हवी. तिथे फाइली एकामागून एक दिल्या तरी काम एकाच फेरीत होते आणि क्रमांक पानजुळणी करणाऱ्या प्रोग्रामच्या मोजणीत असतात, वृक्षात नव्हे. म्हणून प्रकरणे, आकृत्या आणि पृष्ठे सलग मोजली जातात, आणि पुढच्या पानांचे उल्लेख सहायक फाइलमध्ये नोंदवून नंतरच्या फेरीत भरले जातात. त्यातही एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमधील घटकाची चौकशी करायची असेल तर वृक्ष एक असणेच सोयीचे पडते. पण तिथेही कोणी प्रत्येक प्रकरणाची सुटी पीडीएफ करून ग्रंथ शिवत नाही.

लेखाचा पुढचा भाग यायचा आहे असे पुरवणीत म्हटले आहे. त्यात लेखकाने पीडीएफ जोडण्याचा सल्ला मागे घ्यावा, आणि प्रकाशकांनी पानजुळणीसाठी सामग्री पाठवताना प्रकरणांच्या फाइलींबरोबर क्रम सांगणारी मुख्य फाइल, स्कीमा आणि आयडींचा ठरलेला शिरस्ता हे तिन्ही पाठवावेत, असे जरूर लिहावे, ही विनंती. आजही माझ्याकडे येणाऱ्या कित्येक कामांत ‘प्रकरण-३-नवे-अंतिम’ आणि ‘प्रकरण-३-अंतिम-२’ अशा दोन फाइली शेजारीशेजारी असतात, आणि त्यांपैकी ग्रंथात कोणती जायची हे सांगणारी मुख्य फाइल कोणी बनवलेलीच नसते.

आपली नम्र,
एक पानजुळणीकार