जंगलातल्या मृत्यूंचे कारण कोणी शोधायचे?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या तालुक्यांतून एकाच साच्यातली बातमी अधूनमधून येते. ओढ्याकाठी किंवा उसाच्या फडालगत गवा मृतावस्थेत आढळला, वनाधिकाऱ्यांनी पंचनामा केला, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केले, मृतदेहाचे दहन करण्यात आले आणि मृत्यूचे नेमके कारण अहवालानंतर कळेल. तो अहवाल वाचकांपर्यंत सहसा पोहोचत नाही. पशुवैद्यकीय सेवेत हयात घालवलेल्या माणसाला यामागचे कारण ठाऊक असते, आणि ते कोणा एकाच्या कामचुकारपणापेक्षा कामाच्या रचनेत अधिक आहे. रानातल्या जनावराचा मृत्यू आपल्याकडे प्रथम संभाव्य गुन्हा म्हणून हाताळला जातो: गोळी लागली का, विजेचा धक्का बसला का, विष घातले का, शिंगे शाबूत आहेत का. शिकार झालेली नाही एवढे ठरले की प्रकरण जवळपास मिटते. मृत्यू रोगाने झाला असेल तर तो कोणता रोग, कोठून आला आणि आता कोठे निघाला आहे, हे विचारण्याची जबाबदारी नावानिशी कोणावरही नाही. ती एका पूर्णवेळ पशुवैद्यकावर सोपवावी आणि त्याच्या नेतृत्वाखाली कोल्हापूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या रोगांवर कायम नजर ठेवणारी यंत्रणा उभी करावी, या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे.

शवविच्छेदन कोणत्या परिस्थितीत होते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्ण वाढलेला नर गवा ८०० ते १००० किलोंचा असतो. तो मेला तरी पोटातल्या चाऱ्याचे आंबणे थांबत नाही, आणि त्या उष्णतेने आतले अवयव झपाट्याने कुजू लागतात. एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या दिवशी यकृत किंवा मूत्रपिंड उचलू गेले तर बोटांतच फाटते. खबर पोहोचेपर्यंत बहुधा तेवढा वेळ गेलेलाच असतो. तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी दवाखाना, लसीकरण आणि कृत्रिम रेतनाची कामे आटोपून निघतो, गाडीची वाट संपते तेथून पायी उतरतो आणि उजेड आहे तोवर कातडे, बरगड्या, पोट असे उघडत जातो. बर्फाची पेटी बरोबर असेलच असे नाही. फॉर्मॅलिनची बाटली असली तर नशीब. विषाणू शोधायचा असेल तर नमुना थंड राहायला हवा, आणि ऊतींमधले बदल पाहायचे असतील तर तो फॉर्मॅलिनमध्ये, न गोठवता न्यायला हवा. म्हणजे एकाच अवयवाचे दोन तुकडे दोन रीतींनी जपावे लागतात. मग ते पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागापर्यंत कोणी, कोणत्या वाहनाने आणि कोणाच्या खर्चाने न्यायचे, यावर फोन सुरू होतात.

सर्वांत मोलाचे काम तर सुरी लावण्याआधीचे आहे. नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आलेले दिसले, तर फाशी म्हणजेच अँथ्रॅक्सचा संशय धरून शव उघडायचेच नसते. कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असते. शव उघडले की हवेच्या संपर्काने त्यातले जंतू बीजाणूंचे रूप घेतात आणि ते बीजाणू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. जेथे गवा पडला त्याच ओढ्यावर दुसऱ्या दिवशी वाडीवरची गुरे पाण्याला येणार असतात, हे लक्षात घेतले तर त्या एका काचपट्टीचे महत्त्व समजेल.

वन्यप्राण्यांपासून माणसाला रोग होतात, हे वाक्य करोनानंतर सर्वांच्या तोंडी बसले आहे. राधानगरी परिसरात मला उलट्या दिशेची भीती अधिक वाटते. १९६८ साली बंदीपूर आणि मुदुमलैच्या जंगलांत गवे मोठ्या संख्येने मेले ते बुळकांडीने, म्हणजे गुरांच्या रोगाने. बुळकांडी लसीच्या जोरावर हटली, भारत २००६ मध्ये आणि सारे जग २०११ मध्ये त्या रोगातून मुक्त झाले. परंतु लाळ्या खुरकूत, घटसर्प आणि फऱ्या आजही आहेत. २०१९ मध्ये देशात प्रथम ओडिशात आढळलेला लम्पी २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या गोठ्यांतील बाधित जनावरांची मोजदाद रोज होत होती. राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरच्या गव्यांच्या कातडीवर गाठी आहेत का, हे पाहण्याचे काम तेव्हा कोणाकडे होते?

कायद्याने याचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यात १९९१ साली घातलेल्या कलम ३३-अ प्रमाणे अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून पाच किलोमीटरच्या आतील पशुधनाचे सांसर्गिक रोगांविरुद्ध लसीकरण करून घेण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर आहे, आणि लस न टोचलेले जनावर अभयारण्यात चरायला नेण्यास मनाई आहे. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या भोवतीचा हा पाच किलोमीटरचा पट्टा नकाशावर आखून, त्यातल्या वाड्यांची यादी करून, तेथील किती जनावरांना या वर्षी कोणती लस मिळाली, असा तक्ता कोणत्या तरी एका कार्यालयाच्या भिंतीवर असायला हवा. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली लाळ्या खुरकूतची लस गुरांना दर सहा महिन्यांनी दिली जाते, दूध संघांचे पशुवैद्यक गावोगावी फिरतात, म्हणजे हात आहेत आणि लसही आहे. अडचण एवढीच आहे की लसीकरणाचा हिशेब गाव आणि तालुका या मापाने ठेवला जातो, त्यात जंगलाची हद्द कोठेच दिसत नाही. लस आली की जंगलाला सर्वांत जवळच्या वाडीपासून सुरुवात करायची, एवढा साधा क्रम ठरवला तरी त्याच खर्चात गव्यांचे संरक्षण होईल.

माकडतापाची गोष्ट याहून निकडीची आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा गोचिडीतून पसरणारा विषाणू शोधून काढला. हा रोग पश्चिम घाटाने वर सरकत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. दोडामार्ग आणि आपला चंदगड यांच्यामध्ये तिलारीचा घाट आहे, आणि माकडांना किंवा गोचिडींना जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. या रोगात माकडाचा मृत्यू हीच माणसाला मिळणारी आगाऊ सूचना असते. मेलेल्या माकडाचे अंग गार पडू लागले की त्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात थांबतात आणि तेथून जाणाऱ्या पुढच्या जनावराला किंवा माणसाला चिकटतात. मोठ्या झालेल्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसल्या जातात. गुरे स्वतः आजारी पडत नाहीत, पण रानातली गोचीड गावाच्या कडेपर्यंत आणण्याचे काम मात्र करतात. म्हणूनच या रोगाचा बंदोबस्त केवळ आरोग्य खात्याचा विषय ठरत नाही.

रोगाचा जोर साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतो. चंदगड आणि आजऱ्यात याच महिन्यांत तरवा, म्हणजे भाताची रोपे टाकायची जागा, भाजण्यासाठी पालापाचोळा गोळा केला जातो आणि याच दिवसांत काजू वेचायला बायामाणसे सकाळपासून झाडाखाली वाकलेली असतात. जुन्या लसीचा वापर थांबलेला आहे, त्यामुळे वेळेवर मिळालेली खबर हेच मुख्य साधन उरते. आपल्याकडे माकड मेले की गावकरी हळदकुंकू वाहून, खांद्यावर घेऊन, मारुतीच्या देवळाजवळ त्याला माती देतात. ही श्रद्धा सुंदर आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. मात्र डिसेंबर ते मे या काळात तरी उघड्या हाताने शव उचलू नये, आधी फोन करावा आणि पशुवैद्यकाने नमुना घेऊन जागेवर गोचीडनाशक टाकल्यानंतरच माती द्यावी, हे प्रत्येक ग्रामपंचायतीला समजावून सांगणारा कोणी तरी हवा. नुसते समजावूनही भागणार नाही. पांढरे फ्लॅनेलचे कापड काठीला बांधून रानातल्या गवतावरून हळू ओढत न्यायचे, उलटवून त्यावर चिकटलेल्या तिळाएवढ्या गोचिडी चिमट्याने कुपीत भरायच्या आणि ठिकाणाची नोंद करून त्या पुण्याला पाठवायच्या, हे काम माकड मरण्याची वाट न पाहता हंगामाच्या आधीपासून करता येते. त्याला महागडे यंत्र लागत नाही, पण नेमलेला माणूस लागतो.

फोन करावा असे मी लिहिले खरे, पण कोठे? वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे आणि पशुसंवर्धनाचा १९६२. उद्या रंकाळ्याच्या काठावर वीस-पंचवीस कावळे मेलेले दिसले, तर पक्षी वनखात्याचे, जागा महापालिकेची आणि तपासणी पशुसंवर्धन खात्याची, अशी वाटणी होऊन दुपार जाईल. हा कल्पनेचा खेळ नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांतही हाच रोग आढळला.

वाघांचा विषय निघालाच आहे तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाबद्दलही लिहायला हवे. ताडोबाची वाघीण येथे आणून सोडण्याचे काम २०२५ च्या अखेरीस सुरू झाले, त्याचे स्वागत आहे. पण २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. याच प्रकल्पातल्या चांदोलीच्या कडेच्या वस्त्यांवरील कुत्र्यांना या रोगाची लस देणे आणि अधूनमधून त्यांचे रक्त तपासणे हा वाघांच्या पुनर्वसनाचाच भाग मानला पाहिजे.

यंत्रणेचे नेतृत्व पशुवैद्यकाकडेच का, असे कोणी विचारील. वनखात्यात आज जे पशुवैद्यक आहेत ते बहुधा प्रतिनियुक्तीवर किंवा कंत्राटावर असतात आणि त्यांची आठवण विहिरीत बिबट्या पडल्यावर, भुलीचे इंजेक्शन मारण्यासाठी होते. ते काम जोखमीचे आहे आणि आवश्यकही आहे, पण त्याने रोगाचा माग लागत नाही. गिधाडांचे उदाहरण पाहावे. १९९० च्या दशकात ती झपाट्याने कमी होऊ लागली, सुरुवातीला संसर्गाचा संशय घेतला गेला, आणि शेवटी मेलेल्या पक्ष्यांच्या आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर साचलेल्या पांढऱ्या युरिक आम्लाच्या थरावरून माग काढत संशोधक २००४ पर्यंत डायक्लोफेनॅकपाशी, म्हणजे गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधापाशी पोहोचले. २००६ मध्ये बंदी आली तोवर आपल्या आकाशातून गिधाड जवळपास दिसेनासे झाले होते. शव वेळेवर उघडणे, मूत्रपिंडाकडे पाहणे आणि गोठ्यात कोणते औषध चालते हे ठाऊक असणे, या तिन्ही गोष्टी एकाच प्रशिक्षित माणसाकडे असल्या तर अशी वर्षे वाचतात.

या पशुवैद्यकाला दोन्ही खात्यांत चालेल असा अधिकार लेखी हवा. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ मध्ये रोगाची खबर देण्याचे कर्तव्य जनावराच्या मालकावर किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकलेले आहे; रानातल्या गव्याचा मालक कोण, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक वेळी नव्याने निघतो. प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयात नमुन्यांचा संच आणि एक छोटा फ्रीज, जिल्ह्यासाठी एक वाहन, प्रत्येक वन्यप्राण्याच्या मृत्यूची एकाच नमुन्यातली नोंद आणि महिनाभरात अहवाल जाहीर करण्याचे बंधन एवढ्याने सुरुवात होईल. निरोगी प्राण्यांची माहितीही तितकीच हवी, नाही तर आजार ओळखायचा कशावरून? कोणत्याही कारणाने बेशुद्ध केलेल्या प्राण्याचे रक्त राखून ठेवावे, पाणवठ्यांवरचे शेण वेळोवेळी तपासावे. नांदणीच्या माधुरी हत्तिणीसाठी २०२५ मध्ये सारा जिल्हा रस्त्यावर उतरला; त्याच जिल्ह्यात आजरा-चंदगडच्या रानात फिरणाऱ्या हत्तींची लीद कधी तपासली का, असे कोणी विचारल्याचे मात्र ऐकिवात नाही.

अहवाल जाहीर करताना तारतम्य हवे, हे मान्य आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांमध्ये निपाह विषाणूचे अंश आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा घबराटीची चर्चा बरीच झाली आणि माहितीची कमी. माहिती दडवल्याने अफवा वाढतात, असा माझा अनुभव आहे. रोगाचे नाव, ठिकाण आणि काय करावे हे त्याच दिवशी जबाबदार माणसाने सांगितले तर कोणी वटवाघळांची वस्ती जाळायला निघत नाही.

नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (One Health, म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या) संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, जुनागढला वन्यप्राण्यांच्या रोगनिदानासाठी राष्ट्रीय केंद्र होत आहे. या संस्थांनी तपासायचे तर तेथे चांगल्या स्थितीतला नमुना पोहोचला पाहिजे, आणि तो चंदगडच्या ओढ्यावरूनच निघणार आहे. महामार्गावर शिरवळला शासकीय पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या कामात सामावून घेता येईल. वनखाते आणि पशुसंवर्धन खाते यांनी मिळून एक टिपणी तयार करून जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत ठेवावी, आणि काजूचा हंगाम उघडण्यापूर्वी निदान चंदगड व आजरा या दोन तालुक्यांत काम सुरू करावे. वनरक्षकांना नमुने कसे घ्यावेत हे शिकवण्यासाठी माझ्यासारखे काही निवृत्त पशुवैद्यक विनामोबदला येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
कोल्हापूर