खंडणी देऊ नका म्हणणं सोपं आहे हो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रॅन्समवेअर म्हणजे मशीनमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तो सोडणाऱ्यांना पैसे देणं सरकारी संस्थांना, दवाखान्यांना, शाळांना बंद करणार असं ब्रिटन सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं, आणि आता आपल्याकडेही सरसकट बंदी आणा म्हणणारे भेटतात. सरकारी ऑफिसांपुरतं मला पटतं. पण आमच्यासारख्यांचं काय?

मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशोब लिहितो, जीएसटी भरतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १७ तारखेला सकाळी मशीन चालू केलं तर टॅली उघडेना, प्रत्येक फाइलच्या नावामागे चार भलतीच अक्षरं चिकटलेली आणि फोल्डरा-फोल्डरात रीडमी नावाची एक फाइल, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत मेल केला तर ५० टक्के सूट. सेलच लावला होता जणू! ऑफिसातल्या पोराने पीडीएफ एडिट करायचं क्रॅक, म्हणजे चोरीचं फुकट सॉफ्टवेअर टाकलेलं, म्हणजे चूक आमचीच. बॅकअपचा पेन ड्राइव्ह होता की, पण तो कायम मशीनलाच खोचलेला, तोही गेला. आणि रिटर्नची २० तारीख तीन दिवसांवर.

मी पैसे दिले नाहीत. तत्त्व वगैरे काही नव्हतं, खरं सांगतो, बिटकॉइन कुठं मिळतं तेच माहीत नव्हतं. ठाऊक असतं तर चाळीसेक हजार त्या दिवशी नक्की गेले असते. मग जीएसटी पोर्टलवरून जुन्या जीएसटीआर-१ आणि २बी (विक्री आणि खरेदीच्या याद्या) उतरवून घेतल्या, गिऱ्हाइकांकडून बिलांच्या पिशव्या परत मागवल्या (कारण सांगितलं मशीन बिघडलं), महिनाभर रात्री बसून एंट्र्या मारल्या, आणि चौघांची लेट फी खिशातून भरली.

नंतर वाचत गेलो तसं वाटलं बरं झालं. २०१७ च्या जूनमधला नॉटपेट्या व्हायरस, ज्याने आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं, त्यात पैसे देऊनही काही उपयोग नव्हता, फाइली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. अमेरिकेत दवाखान्यांची बिलं बघणाऱ्या चेंज हेल्थकेअर कंपनीवर हल्ला झाल्यावर तिच्या बाजूने २०२४ मध्ये २ कोटी २० लाख डॉलर मोजले, तरी दुसरी टोळी तोच डेटा घेऊन परत दारात. लॉकबिट या रॅन्समवेअर टोळीचे सर्व्हर पोलिसांनी पकडले तेव्हा पैसे दिलेल्यांचाही डेटा तिथंच सापडला. चोराची पावती ती, तिला किती किंमत देणार.

तरी बंदी नको म्हणतो, कारण मी महिनाभर कुणालाच बोललो नाही. हिशोबनीसाचाच हिशोब गेला हे बाजारात कळलं तर गिऱ्हाईक थांबेल का? सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे म्हणे, मला तो कुणी सांगितला नव्हता. त्यात उद्या पैसे देणारालाच गुन्हेगार ठरवलं तर माणूस गुपचूप देईल आणि गप्प बसेल. त्यापेक्षा १९३० ला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केल्यावर पलीकडच्याने एवढं तरी सांगावं, मशीन नेटवरून काढा, फाइली पुसू नका, नो मोअर रॅन्समच्या साइटवर फाइली उघडायची फुकट चावी मिळते का बघा.

मी उशिरा बघितलं, माझ्या व्हायरसची चावी तिथं नव्हती. पण ती हार्ड डिस्क फेकलेली नाही, कपाटात आहे अजून, वर्षा-सहा महिन्यांनी साइट उघडून बघतो.

आपला एक वाचक,
इचलकरंजी