परदेशी वैमानिकी: पगाराआधी परवाना पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशात वैमानिक म्हणून जाण्याविषयी करिअर पुरवणीत जे छापून येते, त्यात पगार-भत्त्यांना अर्धे पान मिळते नि परवान्याला एक ओळ. प्रत्यक्षात गाडे अडते ते परवान्यापाशीच.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या ३२ व्या कलमानुसार, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारे विमान ज्या देशात नोंदलेले, त्या देशाने दिलेला किंवा ग्राह्य धरलेला परवाना वैमानिकाकडे हवा. पासपोर्ट कोणता, कंपनीचे ऑफिस कुठे, याला इथे महत्त्व नाही. म्हणून जाहिरात दिसली की पहिली चौकशी विमानांच्या नोंदणीची करावी. ब्रिटनचा परवाना १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघाच्या परवान्याहून वेगळा झाला, तरी एकावर दोन्हीकडे भागेल असे समजणारे अजून भेटतात.

पुढे वाटा दोन. व्हॅलिडेशनमध्ये नवा देश मूळ परवान्यालाच मुदतीपुरती मान्यता देतो. काम लवकर होते, पण मूळ परवाना संपला की मान्यताही संपते, तेव्हा मायदेशाचा परवाना जिवंत ठेवणे आलेच. दुसरी वाट कन्व्हर्जनची, म्हणजे नवा परवानाच काढायचा. युरोपात त्यासाठी १३ विषय, प्रत्येकात किमान ७५ टक्के आणि सगळे मिळून १८ महिन्यांची मुदत. अनुभवी वैमानिकाला क्लासमधून सूट मिळू शकते, परीक्षेतून नाही. हजारो तास उडवलेल्या कॅप्टनला पुन्हा हवामानशास्त्राची प्रश्नपेढी घोकायला लावण्यात मला फारसे शहाणपण दिसत नाही, पण नियम आहे.

कागदपत्रांत सर्वांत जास्त छळते ते लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा वेळ धरायचा, की चाके उचलल्यापासून टेकेपर्यंतचा, याची सरमिसळ झाली की कंपनीच्या नोंदींशी मेळ बसत नाही. एका पानाची बेरीज चुकली तर ‘मागील पानावरून’ ती चूक शेवटच्या पानापर्यंत जाते. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत जादा वैमानिक असतात. तिथे विश्रांतीला गेलेले तासही काही जण बिनदिक्कत लावतात आणि मग सगळ्याच आकड्यांवर संशय येतो. चूक दुरुस्त करताना व्हाइटनर नको; एक रेघ मारून शेजारी सही करावी. परवान्यावरचे नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हेही आधीच पाहावे.

राजीनामा सगळ्यात शेवटी. परवान्याची खातरजमा एक नियामक दुसऱ्याला परस्पर कळवतो, तिथे आपली घाई चालत नाही. ती झाली, नव्या देशाचे क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाला लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र) हातात आले, करारावर सह्या झाल्या, मग नोटीस द्यावी. उलट केले की घरी बसणे आले: ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत की करन्सी, म्हणजे प्रवासी घेऊन उडण्याइतका ताजा सराव, जाते, टाइप रेटिंगची (त्या प्रकारचे विमान उडवण्याच्या मान्यतेची) तपासणी लांबते आणि सिम्युलेटरचा खर्च स्वतःच्या खिशातून. डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया झाली असल्यास मेडिकलला जाताना आधीच्या नंबरचे कागद सोबत असावेत. इंग्रजीची पातळी सहापैकी किमान ४ लागते. तिला मुदत असते, ६ ला नसते.

निवडीच्या सिम्युलेटरवर बहुधा ऑटोपायलट आणि फ्लाइट डायरेक्टर (विमान कसे वळवायचे ते पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) बंद करून हाताने उडवायला लावतात, टेकऑफलाच एक इंजिन बंद पाडतात. रोजच्या कामात ही सवय राहत नाही, म्हणून आधी एक-दोन सत्रे विकत घेऊन सराव केलेला बरा.

बॉण्डचे, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास कंपनीला भरायच्या रकमेचे, कलम बारकाईने वाचावे. रक्कम महिन्यागणिक घटते की अखेरपर्यंत तेवढीच राहते? कंपनीनेच नोकरीवरून कमी केले किंवा मेडिकल गेले तर ती माफ होते का? आणि मालक कोण, विमान कंपनी की एजन्सी?

पुरवणीत अशा नोकऱ्यांची माहिती देताना विमानांच्या नोंदणीचा देश, परवान्याची वाट, त्या टाइपवर लागणारे तास आणि बॉण्डची मुदत एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
परवान्यांचे कामकाज जाणणारा एक वाचक