मामा, पंप खोलावा लागला नाही

आदरणीय मामांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे लिहून सगळ्यांसमोर ठेवतोय, नातू वाचून दाखवेलच. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ या तिन्ही तालुक्यांतल्या जुन्या गाड्या तुमच्या दारात येऊन उभ्या राहतील आणि मामी मला शिव्या घालतील.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मामांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. आमची पिकअप डिझेलवरची, इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या जुन्या साध्या पंपाची. तिला कॉम्प्युटर नाही की सेन्सर नाही. द्राक्षाचे क्रेट, शेणखत, पोटॅशची पोती आणि हंगाम संपता संपता बेदाण्याच्या पेट्या, सगळं तिच्यावरच. त्या आठवड्यात शेडवर वाळवलेला बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकायचा होता आणि रोज दुपारनंतर वळवाचं आभाळ भरून येत होतं. भिजलेल्या बेदाण्याचं काय होतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. आणि नेमकी तेव्हाच गाडी बसली. सेल्फ मारला की कधी नुसतं 'टक्', कधी इंजिन अर्धं वळून थांबायचं. शेडजवळच्या उतारावरून धक्का मारून पाहिलं, तरी चालू होईना.

एका गॅरेजवाल्यानं नवी बॅटरी बसवून दिली. फरक नाही. मग त्यानं निदान केलं की पंप गेला, खोलून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवायला, पाठवावा लागेल, सेल्फच्या ताराही नव्यानं भरून घ्या, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी मोडीत काढलेली बरी. त्याचा मला राग नाही. हंगामात त्याच्या दारात गाड्यांची रांग असते, पार्ट बदलून बघणं त्याला सोयीचं पडतं. पण त्या बदलून बघण्याचं बिल आपल्या खिशातून जातं.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी पंपाचंच गाऱ्हाणं सुरू केलं होतं. तुम्ही मध्येच थांबवलंत. "पंपाचं ऱ्हाऊ दे. सेल्फ मारताना हेडलाइट मंद हुतोय का तसाच ऱ्हातोय?" लावून पाहिला, दिवा तसाच लख्ख. "हॉर्न?" खणखणीत. "मग बॅटरीत करंट हाय, पण सेल्फपर्यंत जाईना झालाय. येतो मी. तोवर कुणाला पाना लावू देऊ नको." हत्यार हातात न घेता, पाच-सात मैलांवरून, तुम्ही अर्धं काम करून ठेवलं होतं. दिवा एकदम मंद झाला असता तर बॅटरी किंवा जाम झालेला सेल्फ यांच्यावर संशय घ्यायचा, आणि दिवा हललाच नाही तर वायरीच्या वाटेवर. हे मला नंतर कळलं.

आल्यावर तुम्ही बॉनेट उघडून आधी काय केलंत, ते मी आता दहा जणांना तरी सांगितलंय. मला सेल्फ मारायला लावून अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावलात आणि झटक्यात मागे घेतलात. "बघ, हात लावून बघ." केबल तापली होती. सेल्फच्या करंटचा या केबलशी काय संबंध, हे माझ्या डोक्यात शिरेना. तुम्ही समजावलंत की बॅटरीतून गेलेला करंट परत बॅटरीकडं यायलाच लागतो. तो इंजिनमधून अर्थिंगच्या पट्टीनं चासीत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, उतरतो आणि चासीतून मायनसला जातो. ती पट्टी निकामी झाली की करंट मिळेल त्या आडवाटेनं निघतो आणि इंजिनला जोडलेली पातळ तार म्हणजे ही केबल. डिझेल इंजिन फिरवायला दोन-तीनशे अँपिअर लागतात. तुमच्याच शब्दांत, "पाटाचं पाणी ठिबकच्या नळीतनं काढल्यागत."

मग मीटर. बॅटरी नुसती मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. सेल्फ मारताना मोजली तर जेमतेम १२ च्या खाली. तुम्ही म्हणालात, सेल्फ खरंच ओढत असता तर बॅटरी एवढी ताठ राहिली नसती, दहा-साडेदहाला आली असती. नंतर मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन थेट इंजिनच्या लोखंडाला लावलीत. दोन्ही टोकं मायनसचीच, तिथं सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आत काटा राहायला हवा. आला पाचच्या वर. प्लसच्या बाजूलाही, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, तसंच मोजलंत. तिथं काही अडत नव्हतं. म्हणजे बॅटरीचे पाच व्होल्ट परतीच्या वाटेवरच जिरत होते.

तरीही लगेच पट्टी खोलली नाहीत. जंपर केबल काढलीत, एक चिमटा मायनसला, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मला म्हणालात, "मार." इंजिन गरगर फिरलं. पार्ट बदलायच्या आधीच तो बदलल्यावर काय होईल हे दाखवणारा मिस्त्री मी तरी पहिल्यांदा पाहिला.

पट्टी काढल्यावर ती वरून बरी दिसत होती. तुम्ही ती वाकवून दाखवलीत, तर आत सगळा हिरवा-पांढरा भुगा आणि मोजक्या तारा शाबूत. पोटॅशच्या पोत्यांतून सांडलेलं खत पावसात विरघळून फळीतून खाली उतरतं, खारट पाणी तांब्याला आणि लोखंडाला खातं. गॅरेजवाल्यानं याच पट्टीला मीटर लावून "कंटिन्युइटी आहे, पट्टी ओके" म्हटलं होतं, म्हणजे तार कुठं तुटलेली नाही. एक तार जरी शाबूत असली तरी मीटर पीं करतो, कारण मोजताना त्यातून करंट नावापुरताच जातो. लोड टाकून मोजलं तरच खरं काय ते कळतं, हे तुमचं म्हणणं आता मला पटलंय.

नवी पट्टी दोन-तीनशे रुपयांत आली. खालचा रंग आणि गंज घासून, लोखंड चमकेपर्यंत घासून बसवलीत, वर ग्रीस. सेल्फ जोरात. गाडी मात्र चालू नाही. तेव्हा माझं तोंड उतरलं, खरं सांगायचं तर मला तो पंपवाला बरोबर वाटायला लागला होता.

तुम्ही सायलेन्सरच्या मागं जाऊन उभे राहिलात. "धूर न्हाई." पांढरा धूर आला असता तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, मग हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा) किंवा कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब) बघायचं. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. फिल्टरवरचा एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढायचा स्क्रू सैल करून हँड पंप दाबलात, तर डिझेलऐवजी फेस. फेस संपून सरळ धार येईपर्यंत दाबत राहिलात, स्क्रू आवळलात आणि गाडी धडधडत चालू झाली. शेडवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही मात्र "एअर आली कुठनं?" म्हणत परत खाली वाकलात. दुसरा कुणी असता तर इथं पैसे घेऊन गेला असता.

टाकीकडून येणाऱ्या पाइपात फवारणीच्या पंपाची पारदर्शक नळी जोडायची तुमची युक्ती मी जपून ठेवलीय. त्या नळीतून बुडबुडे पळताना दिसले. मग एकेक जोड तपासत तुम्ही टाकीजवळच्या रबरी पाइपाशी पोचलात. क्लिपखाली बारीक चीर. तिथून डिझेल गळत नव्हतं, म्हणून कुणाच्या नजरेत आली नव्हती. त्या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. म्हणून चिरेतून थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी उतारावर तोंड वर करून उभी असली की रात्रभरात डिझेल टाकीकडं परत उतरतं.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट चहाच्या वेळची. मी विचारलं, दोन बिघाड एकदम कसे आले? तुम्ही म्हणालात, एकदम आले नाहीतच. चीर बरीच जुनी असणार. सेल्फ दमदार होता तोवर चार वळसे जास्त घेऊन तो एअर ओढून काढायचा, कुणाला कळायचं नाही. अर्थिंग कमजोर झालं, सेल्फ मंदावला आणि पाइपाचं दुखणं उघडं पडलं. धक्का मारूनही चालू का झाली नाही, त्याचं उत्तरही त्यातच होतं: इंजिन फिरलं तरी डिझेलच पोचत नव्हतं.

संध्याकाळी पाऊस आलाच. तोवर पेट्या कोल्ड स्टोरेजला पोचल्या होत्या. मजुरी तुम्ही इतकी कमी सांगितलीत की मला द्यायला लाज वाटली. बेदाण्याची पेटीही घेईनात, "मला शुगर हाय" म्हणे! ती मी मामींकडं पोचवलीय. परत पाठवू नका, तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न.

जाता जाता एक काम. चुलतभावाच्या टेंपोचा सेल्फ चांगला जोरात आहे, पण सकाळी पांढरा धूर ओकत राहतो आणि चालू व्हायला वेळ लावतो. दुपारी मात्र हात लावायच्या आत चालू. मी त्याला पंपाला हात लावू दिलेला नाही, आधी हीटर प्लग तपास म्हणून सांगितलंय. बरोबर सांगितलं का, तेवढं नातवाकडून कळवा.

तुमचा,
तासगाव तालुक्यातला एक बागायतदार