मोन बेटावरचे दगड

बँगोर, वेल्स
२७ जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नववीच्या मुलांना ड्रुइडांबद्दल, म्हणजे ब्रिटनमधल्या प्राचीन केल्टिक पुरोहितांबद्दल, सांगायचंय आणि मी अँग्लसी बेटाच्या (वेल्श भाषेत मोन) समोरच राहतो, तेव्हा 'ड्रुइडांची ती दगडी देवळं' पाहून सविस्तर लिही, असा तुझा हुकूम आहे. लिहितो, पण एक गोष्ट आधीच सांगतो. ती देवळं ड्रुइडांची नाहीत, आणि मुळात ती देवळंच नाहीत. ती थडगी आहेत. रोमन सैन्य ड्रुइडांवर चालून आलं तेव्हा त्या थडग्यांना तीन हजार वर्षं होऊन गेली होती. म्हणजे आज आपण ड्रुइडांपासून जितके दूर आहोत, त्यापेक्षा ड्रुइड त्या थडगी बांधणाऱ्यांपासून जास्त दूर होते. वर्गात बाकी काही राहून गेलं तरी चालेल, पण फळ्यावर एक रेघ मारून एवढं मात्र दाखवच.

हा गोंधळ फार जुना आहे. अँग्लसीतल्याच हेन्री रोलंड्स नावाच्या एका पाद्र्यानं १७२३ साली बेटाच्या प्राचीन इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि इथले सगळे मोठे दगड ड्रुइडांच्या नावावर टाकले. मला त्याचा राग येत नाही. काळ मोजायचं कुठलंच साधन त्याच्याजवळ नव्हतं. रोमनांनी ड्रुइडांबद्दल लिहून ठेवलेलं होतं आणि दगड तर डोळ्यांसमोर उभे होते. त्यानं दोन्ही जोडून टाकलं. राग येतो तो आजही दुकानादुकानांतून तेच विकलं जातं याचा, कारण त्या नादात ज्यांनी खरोखर हे दगड उचलले ती माणसं पार पुसली जातात.

आता एकेक सांगतो. बँगोरहून निघालं की मेनाई सामुद्रधुनी लागते. तिच्यावर टेलफर्ड या अभियंत्यानं १८२६ साली बांधलेला झुलता पूल आहे. पलीकडे गेलं की थोड्याच वेळात थ्लानदॅनिएल गावाजवळ शेतातून पायवाट जाते आणि गवतानं झाकलेला एक टेकाड दिसतो. हेच ब्रिन केथ्ली दीचं थडगं. काळ साधारण इ.स.पूर्व ३०००. ईशान्येकडे तोंड असलेला, आठेक मीटर लांबीचा दगडी बोळ आहे आणि तो आत एका खोलीत उघडतो. खोलीत माणसाएवढा उंच, गुळगुळीत, जवळजवळ गोल असा एक दगडी खांब एकटाच उभा आहे. छताला तो टेकलेला नाही, म्हणजे भार पेलायचं काम त्याचं नव्हे. मग तो तिथे कशासाठी उभा केला असेल, हा प्रश्न मुलांना जरूर विचार. पुस्तकात उत्तर नाही म्हटल्यावर ती जास्त डोकं चालवतात.

या २१ तारखेला मी आणि मंजिरी पहाटे तिथे गेलो होतो. उत्तरायण संपतं त्या दिवसांत इथे पाचच्या आत सूर्य उगवतो आणि त्याचे पहिले किरण थेट बोळातून आत येतात. नॉर्मन लॉकियर या खगोलशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे सुचवलं होतं, पण लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे शंभरेक वर्षांनी स्टीव्ह बरो या पुरातत्त्वज्ञानं प्रत्यक्ष उभं राहून ते पडताळलं. त्या दिवशी ढग होते, तरी मध्येच फट पडली. उजेड आधी बोळाच्या एका भिंतीवर नारिंगी पट्ट्यासारखा उमटला, मग सरकत सरकत मागच्या शिळेवर गेला आणि शिळेचा खरखरीतपणा, तिच्यातली बारीक स्फटिकं, एकदम उठून दिसायला लागली. आत आम्ही पाच-सहा जण अंग चोरून उभे होतो. कुणी बोललं नाही. सुधीर, सूर्य कुठे उगवणार हे ठाऊक असल्याशिवाय हा बोळ बांधताच येत नाही. म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं क्षितिजाकडे पाहत होतं, खुणा ठेवत होतं आणि पुढच्या पिढीला ते सांगत होतं. लिपी नव्हती, धातू नव्हता. मला त्या लोकांबद्दल जो आदर वाटतो तो याच्यामुळे.

आज दिसणारा टेकाड मात्र पुन्हा रचलेला आहे, तोही मुळापेक्षा लहान. १९२८-२९ साली डब्ल्यू. जे. हेम्प यांनी इथे खोदकाम केलं, त्यानंतर डागडुजी झाली. खोदताना त्यांना खोलीच्या मागे एक खड्डा सापडला आणि त्याच्याशेजारी एक शिळा आडवी पुरलेली. तिच्या दोन्ही अंगांवर नागमोडी रेषा कोरलेल्या आहेत. इतकी मेहनत करून कोरलेली शिळा कुणाच्या नजरेला पडू नये अशी का पुरली, हे मला त्या सूर्यकिरणांपेक्षाही अवघड कोडं वाटतं. मूळ शिळा आता कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे, जागेवर तिची प्रतिकृती उभी केलीय. शिवाय थडग्याच्या तोंडाशी लाकडी खांबांचे खड्डे आहेत. त्यांतल्या पाइनच्या कोळशाचं कार्बन-वय काढलं तर ते इ.स.पूर्व ६०००च्या आसपासचं निघालं. म्हणजे थडगं बांधायच्याही तीन हजार वर्षं आधी, शिकारी माणसांच्या काळात, नेमक्या याच जागी कुणीतरी खांब रोवले होते.

आता तुझ्या नागपूरशी जवळचं काही. ब्रिन केथ्ली दीच्या आसपासच्या खडकांवर वाटीच्या आकाराचे छोटे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते पाहताक्षणी मला काटोल रोडवरचं जुनापाणी आठवलं. आपण कॉलेजात असताना तू मला तिथली शिळावर्तुळं दाखवायला नेलं होतंस आणि कडेच्या दगडांवर असेच ओळीनं कोरलेले खळगे होते. ही तुलना काही मला पहिल्यांदा सुचलेली नाही. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं नागपूरकडचे हे खळगे ब्रिटनमधल्या खळग्यांशी ताडून पाहिले होते आणि त्यावर लेखही लिहिले होते. पण मुलांना सांगताना इथेही जपून. विदर्भातली शिळावर्तुळं लोखंड वापरणाऱ्या लोकांची, इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातली. इथलं थडगं बांधणाऱ्यांना तांबंसुद्धा माहीत नव्हतं. दगडावर दगड घासला की गोल खळगा पडतो, तो कुठेही पडेल. नुसतं सारखं दिसलं म्हणून नातं जोडायला गेलं की आपणही त्या पाद्र्याच्याच वाटेनं जातो.

पश्चिम किनाऱ्यावर, थेट समुद्रावर आलेल्या एका कड्याच्या टोकाला बार्क्लोदियाद अ गाऊरेस आहे. वारा असा असतो की बोललेलं ऐकू येत नाही. हेही बोळ असलेलं थडगं. आतल्या शिळांवर चक्राकार, नागमोडी आणि शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी आहे. अशी नक्षी समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये, बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या न्यूग्रेंजसारख्या थडग्यांत भरपूर सापडते. इथे मात्र नात्याबद्दल बोलता येतं, कारण काळ एक, बांधणी एक आणि मध्ये आयरिश समुद्र तेवढा. तो समुद्र त्या लोकांना अडवत नव्हता, त्यांची ये-जा त्याच्यावरूनच होती.

१९५२-५३ साली इथे उत्खनन झालं. बाजूच्या कोनाड्यात दोन तरुण पुरुषांच्या जळलेल्या अस्थी मिळाल्या आणि मधल्या खोलीत शेकोटीची जागा. त्या राखेत मासे, बेडूक, साप, उंदीर, ससा अशा प्राण्यांची बारीक हाडं होती. विधीचा भाग म्हणून या सगळ्याचं कालवण करून ते निखाऱ्यांवर ओतलं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं. वर शंख-शिंपले आणि गोटे पसरून सगळं झाकलेलं होतं. आज या थडग्यावर काँक्रीटचा घुमट आहे आणि दाराला कुलूप असतं, आधी विचारून जावं लागतं. काँक्रीट मला मुळीच आवडलं नाही, पण त्याच्यामुळे नक्षी टिकलीय, तेव्हा तक्रार करत नाही.

बेटाच्या पूर्वेला थ्लिगुई नावाची जागा आहे. मुलांना काळाचे थर समजावायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. रस्त्याच्या कडेला एक थडगं आहे, त्याची वरची शिळा अंदाजे २५ टनांची. शिळा जमिनीला इतकी लागून आहे की आत वाकूनच पाहावं लागतं. आत साधारण तीस माणसांच्या अस्थी मिळाल्या होत्या. तिथून शेतं ओलांडली की बाराव्या शतकातलं पडकं चॅपल, आणि पुढे झाडीत रोमन अमलाच्या अखेरच्या काळातली चुनखडीची घरं, गोल आणि चौकोनी दोन्ही, भोवती दगडी कोट. लोखंडाचं काम तिथे चालायचं. अर्ध्या तासाच्या चालण्यात तीन काळ पायाखालून जातात. होलीहेडकडे त्रेफिग्नाथ आहे, एकाला लागून एक अशा टप्प्याटप्प्यानं वाढत गेलेल्या तीन खोल्यांचं. पण शेजारी ॲल्युमिनियमचा जुना कारखाना असल्यामुळे तिथे मन लागत नाही.

आता ड्रुइड. त्यांच्या काळाला हात लावायचा तर थडग्यांकडे नाही, एका छोट्या तळ्याकडे जावं लागतं. थ्लिन केरिग बाख. दुसऱ्या महायुद्धात बेटावरच्या व्हॅली नावाच्या गावी विमानतळ बांधत होते. जमीन वाळूची, ती घट्ट व्हावी म्हणून जवळच्या दलदलीतली काळी, कुजकट माती आणून पसरत होते. १९४२ साली ही माती पसरताना कुळवाच्या दात्यांत एक लोखंडी साखळी अडकून वर आली. साखळी मजबूत होती, तेव्हा कामगारांनी ती ट्रॅक्टरला बांधली आणि चिखलात रुतलेल्या लॉऱ्या तिनं ओढून काढल्या. आणखी वस्तू निघायला लागल्या तेव्हा कुठे राष्ट्रीय संग्रहालयाला कळवलं गेलं आणि संचालक सिरिल फॉक्स यांनी सगळा ठेवा अभ्यासला. ती साखळी दोन हजार वर्षांपूर्वीची निघाली. माणसांच्या गळ्यात घालायची, पाच जणांना एका ओळीत जखडणारी.

मी ती काचेमागे पाहिलीय. गळ्याचं कडं म्हणजे लोखंडाचे दोन बाक दिलेले तुकडे. त्यांच्या टोकांच्या कड्यांतून पुढची साखळी ओवलेली, त्यामुळे साखळी ताणलेली असेपर्यंत कडं उघडत नाही. कुलूप लागतच नाही. पुढचा आणि मागचा माणूसच तुझं कुलूप. लोहाराचं काम अतिशय सुबक आहे, आणि म्हणूनच ते पाहवत नाही. थडग्यांपाशी मला त्या लोकांबद्दल जे वाटलं ते इथे वाटलं नाही, हे तुला खरं सांगतो. याही लोकांचं कौशल्य मोठंच होतं, पण या बेटाच्या प्राचीन काळाला सरसकट पवित्र ठरवणाऱ्यांनी या साखळीसमोर थोडा वेळ उभं राहावं.

तळ्यातून दीडशेहून जास्त वस्तू निघाल्या : तलवारी, भाले, रथाच्या चाकांच्या लोखंडी धावा, घोड्यांचे लगाम, कढया, लोहाराचे चिमटे, फुंकून वाजवायच्या शिंगाचा तुकडा आणि तीन फाट्यांची घुमावदार नक्षी असलेली चंद्रकोरीसारखी काशाची पट्टी. अनेक वस्तू मुद्दाम वाकवलेल्या किंवा मोडलेल्या आहेत. म्हणजे त्या हरवल्या नाहीत, कुणी परत वापरू नयेत अशा करून पाण्यात सोडल्या. आणि हे एकदाच झालं नाही, काही पिढ्या चाललं.

इ.स. ६०च्या सुमाराला रोमन सेनापती स्वेटोनियस पॉलिनसचं सैन्य मेनाई ओलांडून आलं. रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहिलंय की काठावर काळ्या वस्त्रांतल्या, केस मोकळे सोडलेल्या बाया मशाली घेऊन धावत होत्या, ड्रुइड हात वर करून शाप देत होते आणि रोमन शिपाई क्षणभर जागच्या जागी थिजले. मग त्यांनी कत्तल केली आणि पवित्र वनराया तोडल्या. तेवढ्यात ब्रिटनमधल्या बूडिका राणीच्या बंडाची बातमी आली आणि सेनापतीला परत फिरावं लागलं. बेट खऱ्या अर्थानं जिंकलं ते पुढे अग्रिकोला या रोमन सेनापतीनं. वर्गात हा प्रसंग रंगवून सांग, पण तो जिंकणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेला आहे हेही सांग. ड्रुइडांनी स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्याजवळ नाही. तळ्यातल्या वस्तू मात्र कुठल्याच बाजूच्या नाहीत, म्हणून माझा भरवसा त्यांच्यावर जास्त.

मोनच्या उत्तरेची पॅरिस टेकडी आणि पूर्वेला, लँडुडनोजवळचं ग्रेट ऑर्म, या दोन्ही ठिकाणी कांस्ययुगातल्या तांब्याच्या खाणी आहेत. ग्रेट ऑर्मच्या खाणीत हाडांची हजारो अवजारं सापडली आणि तांब्यानं ती हिरवी पडलीत. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन, या पत्रात ते मावणार नाही.

फोटो मंजिरी मेल करते आहे. थ्लिगुईचे जास्त काढलेत, ते वर्गात दाखव. तू येणार असशील तर मेच्या अखेरीस ये, तेव्हा दिवस मोठे असतात आणि गर्दी कमी. चिखलात चालतील असे बूट आण, इथले आपल्या मापात सहज मिळत नाहीत. आणि जुनापाणीला पुन्हा गेलास तर खळगे एका दगडावर किती आणि कुठल्या दिशेला आहेत तेवढं कागदावर उतरवून पाठव, फोटोत त्यांची खोली कळत नाही.

काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश