इंका लोक लुप्त झालेले नाहीत, अजून बटाटा तुडवतायत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पेरू देशातल्या माचू पिचूवर, म्हणजे इंकांच्या डोंगरावरच्या जुन्या दगडी वस्तीवर, मोठा लेख होता, फोटो खरंच छान होते, पण त्यात दोनदा 'लुप्त झालेली इंका संस्कृती' असं छापलंय आणि ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. राज्य बुडालं हे खरंय. 1532 च्या नोव्हेंबरात काहामार्का इथे स्पॅनिश सेनानी पिझारोने इंकांचा राजा अताहुआल्पाला दगा देऊन पकडलं, खंडणी म्हणून खोलीभर सोनं घेतलं आणि तरीही पुढच्या वर्षी मारलं, मग 1572 मध्ये स्पॅनिशांनी शेवटचा राजा तुपाक अमारू याचं कुस्को या इंकांच्या जुन्या राजधानीच्या चौकात मुंडकं उडवलं, तिथे राजघराणं संपलं. पण राज्य गेलं म्हणजे माणसं गेली असं होतं का? 'इंका' हा मुळात राजाचा किताब. त्या राज्याची भाषा क्वेचुआ, आणि पेरूच्या 2017 च्या जनगणनेत सुमारे 37 लाख लोकांनी तीच आपली मातृभाषा सांगितलीय, बोलिव्हिया आणि इक्वाडोरमधले वेगळे.

आम्ही आंबेगाव तालुक्यातले, सातगाव पठारावर घरचा बटाटा असतो, त्यामुळे मला पेरूचं वेड लागलं ते देवळांमुळे नाही तर बटाट्यामुळे. गेल्या वर्षी जूनमध्ये जाऊन आलो. कुस्कोच्या बाजारात एक बाई पोत्यात काळे, सुरकुतलेले खडे घेऊन बसल्या होत्या, हातात घेतला तर बुचासारखा हलका. तो होता चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेला बटाटा. जून-जुलैत तिथे वर डोंगरावर रात्री कडक हिमवर्षाव नसतो पण दहिवर गोठतं एवढी थंडी असते, बारके बटाटे गवतावर पसरून ठेवतात, रात्री ते दगड होतात, दिवसा उन्हात विरघळतात, असं तीन-चार दिवस झालं की घरातले सगळे, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, अनवाणी पायाने ते तुडवतात म्हणजे पाणी निघून जातं आणि सालही सुटते, मग पुन्हा वाळवायचं. काही बटाटे इतके कडू असतात की ताजे खाताच येत नाहीत, ते वाहत्या पाण्यात बरेच दिवस बुडवून ठेवतात, त्यांचा पांढरा मोराया होतो. हे वर्षानुवर्षं टिकतं! आमच्याकडे भाव पडला की बटाटा डोळ्यादेखत सडतो म्हणून मला त्या पोत्यासमोरून हलवेना. इंकांनी डोंगराच्या वाऱ्यावर रांगेने कोठारं बांधली होती, त्यात मका आणि हाच चुन्यो भरलेला असायचा, दुष्काळात लोकांना आणि मोहिमेवर सैन्याला तो पुरायचा. तावांतिनसुयु म्हणजे त्यांचं ते चार भागांचं राज्य नुसत्या सोन्यावर उभं नव्हतं, अशा कोठारांवर उभं होतं. चव म्हणाल तर मातकट, रस्सा पिऊन घेणारी, पहिल्या घासाला आवडत नाही, दुसऱ्या वाटीला मागितला.

काढणी झाली की शेतातच ढेकळं रचून छोटा घुमट करतात, आत जाळ करून ढेकळं लालभडक तापवतात, मग बटाटे आत टाकून वरून तो घुमट पाडायचा आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. याला वातिया म्हणतात. मला आपल्या हुरड्याच्या आगटीची आठवण आली, तसंच सगळे गोल बसून बोटं भाजून घेत खातात. मका मोड आणून आंबवलेली चिचा पिताना पहिला घोट जमिनीवर ओततात, पाचामामासाठी, म्हणजे धरणीमातेसाठी. बाजारात किविचाच्या वड्या होत्या, किविचा म्हणजे आपल्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊ, लाह्या फोडून पाकात थापलेल्या, एकादशीला कुणी पुढे ठेवल्या असत्या तर ओळखल्याही नसत्या. आणि उपवासाच्या खिचडीतला साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा हे सगळेच दक्षिण अमेरिका खंडातून आलेले. 'बटाटा' शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलाय.

अजून एक गोष्ट लेखात यायला हवी होती ती म्हणजे केस्वाचाकाचा पूल. अपुरिमाक नदीवर गवताच्या दोरांचा हा पूल दरवर्षी जूनमध्ये आजूबाजूची चार गावं मिळून नव्याने बांधतात, प्रत्येक घरातून इचू गवताचा वळलेला दोर येतो, तीन दिवसांत काम पुरं आणि चौथ्या दिवशी नाच-जेवण, मजुरी कुणालाच नाही. याला ते आयनी म्हणतात, आज मी तुझ्याकडे उद्या तू माझ्याकडे, आपल्या जुन्या लोकांची सावड होती ना अगदी तीच. युनेस्कोने 2013 मध्ये त्याची नोंद घेतली, पण लोक त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून दोर वळतायत.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी 'लुप्त' हा शब्द काढा, आणि रिकाम्या दगडी भिंतींच्या शेजारी चुन्यो तुडवणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा फोटोही छापा. मी आणलेले चार खडे अजून घरी डब्यात आहेत, वर्ष झालं, एकालाही काही झालेलं नाही.

आपला एक वाचक,
आंबेगाव, जि. पुणे