कोकणातल्या उपकेंद्रांना खरे अधिकार द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातला एक पालक आणि स्वतः मुंबई विद्यापीठाचाच पदवीधर. कोकणासाठी वेगळं विद्यापीठ हवं की नको हा वाद आमच्याकडे अधूनमधून निघतो, निवडणूक जवळ आली की जरा जोरात निघतो आणि मग थंड पडतो. माझं म्हणणं असं की वेगळं विद्यापीठ व्हायचं तेव्हा होईल, पण आत्ता मुंबई विद्यापीठाची कोकणात जी उपकेंद्रं आहेत त्यांना आधी पूर्ण कॅम्पस करा, म्हणजे तिथे स्वतःचा प्रमुख, स्वतःचं बजेट, परमनंट पोस्ट आणि निर्णय जागच्या जागी घ्यायची पॉवर.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढे सात जिल्हे त्याच्याकडे. सावंतवाडीहून मुंबई रस्त्याने जवळजवळ ५०० किलोमीटर आणि पणजी ६०-७० च्या आसपास. रत्नागिरी, ठाणे, कल्याण, सिंधुदुर्ग इथे उपकेंद्रं झाली, ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांचे आभारच. रत्नागिरीच्या उपकेंद्राला भारतरत्न पां. वा. काणे यांचं नाव आहे, कोकणातला माणूस, दापोलीला शिकलेला, पुढे याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव दिलंय तर तिथे शिकवायला पुरेशी माणसंही द्यायला हवीत ना?

आता शेजारी गोव्यात बघा. गोवा मुक्त झाल्यावर तिथली कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती आणि पणजीला मुंबईचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्या केंद्रात विभाग उभे राहिले, शिक्षक होते, संशोधन चालू होतं, त्यामुळे १९८५ ला गोवा विद्यापीठ सुरू झालं तेव्हा हातात आधीच काहीतरी होतं. म्हणजे मुंबईच्याच एका केंद्रातून पुढे विद्यापीठ झालंय, आमच्या अगदी शेजारी झालंय, आणि तरी तळकोकणाच्या बाबतीत ते अशक्य असल्यासारखं बोललं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

राज्यात आत्तापर्यंत आपण अडचणीवर एकच उपाय केलाय, तो म्हणजे विद्यापीठ तोडणे. पुण्यातून शिवाजी १९६२ ला, नागपूरमधून अमरावती १९८३ ला, पुण्यातूनच जळगाव १९९० ला, मराठवाडा विद्यापीठातून नांदेड १९९४ ला, शिवाजीमधून सोलापूर २००४ ला, नागपूरमधून गोंडवाना २०११ ला. प्रत्येक वेळी मागणी खरीच होती आणि फायदाही झाला. पण गोंडवानाचं मुख्यालय गडचिरोलीत आलं तरी त्याच जिल्ह्यातलं सिरोंचा तिथून २०० किलोमीटरच राहतं. आणि नवीन विद्यापीठ म्हणजे पुन्हा नवा कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा विभाग, वित्त विभाग, सिनेट, यात सुरुवातीची कितीतरी वर्षं जातात, वर राज्यभर प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, मग शिकवणारी माणसं तासिका तत्त्वावर आणि पोरं मात्र 'आमच्या जिल्ह्यात विद्यापीठ आलं' म्हणून खूश.

जगात दुसरा मार्गही आहे. अमेरिकेतलं 'युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया' हे सरकारी विद्यापीठ एकच आहे पण कॅम्पस दहा. बर्कली, लॉस एंजेलिस ही नावं सगळ्यांना माहीत, कारण आपली मुलं तिकडे एमएसला जातात. वर एक प्रेसिडेंट आणि एक बोर्ड, पण प्रत्येक कॅम्पसला स्वतःचा चान्सलर, तो तिथेच बसतो आणि तिथलं बघतो. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे हे कॅम्पस त्या त्या जागेच्या कामातून वाढले. रिव्हरसाइडला १९०७ मध्ये संत्र्या-लिंबांवर संशोधन करणारं केंद्र होतं, त्यातून पुढे पूर्ण कॅम्पस झाला. सॅन डिएगोला आधी समुद्राचा अभ्यास करणारी संस्था होती, ती १९१२ ला विद्यापीठात आली आणि १९६० मध्ये तिथे कॅम्पस उभा राहिला. सॅन होआकिन या शेतीच्या खोऱ्यात कॅम्पसच नव्हता म्हणून २००५ ला मर्सेडला नवीन काढला. आणि १९६० च्या त्यांच्या मास्टर प्लॅनमध्ये सरकारी उच्च शिक्षणाचे तीन थर ठरवले, वर हे विद्यापीठ, मध्ये 'कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी' या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाचे वीसहून जास्त कॅम्पस, खाली शंभराहून जास्त कम्युनिटी कॉलेजं, आणि गावातल्या कॉलेजात दोन वर्षं करून चांगले मार्क असतील तर वरच्या कॅम्पसला जायचा रस्ता ठेवला. तिथे फी वाढली, गर्दी वाढली, भांडणंही आहेत, पण रचना विचार करून केलेली आहे.

आमच्याकडे तर समुद्र आहे, हापूस आहे, काजू आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गचे कॅम्पस किनारा, खारफुटी, बंदरं, पर्यटन, जांभ्याचे सडे, मालवणी बोली अशा विषयांत देशात पहिल्या नंबरचे होऊ शकतात. मग मुंबईचा पोरगा शिकायला कोकणात येईल, आत्ता फक्त आमचीच पोरं तिकडे जातात.

सगळं एका ठिकाणी गोळा केलं की काय होतं ते २०१७ ला मुंबई विद्यापीठात सगळ्यांनी पाहिलंय. लाखो उत्तरपत्रिका एकदम कॉम्प्युटरवर तपासायचं ठरलं, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, रिझल्ट लांबले, पुढच्या ॲडमिशन अडकल्या आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं गेलं. त्या गोंधळात डहाणूपासून दोडामार्गपर्यंत सगळे एकाच रांगेत होते.

कायदा आडवा येतोय असंही नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात उपपरिसर मंडळाची, म्हणजे उपकेंद्रांचं काम बघणाऱ्या मंडळाची, तरतूद आहे, प्र-कुलगुरूचं पद आहे. म्हणून विनंती अशी की रत्नागिरीला प्र-कुलगुरू दर्जाचा माणूस पूर्णवेळ बसवा, त्याला भरतीचे आणि खर्चाचे अधिकार द्या, उपकेंद्रांसाठी बजेटमध्ये स्वतंत्र हेड ठेवा म्हणजे तो पैसा मुंबईतल्या कलिना कॅम्पसच्या कामात विरघळणार नाही. मार्कशीट दुरुस्ती, मायग्रेशन, रिव्हॅल्युएशन ही कामं शेवटच्या सहीसकट उपकेंद्रातच पूर्ण व्हावीत. मुलींचं होस्टेल आधी बांधा, प्रशासकीय इमारत नंतर, कारण देवगड-वैभववाडीच्या मुलीला राहायची सोय नसेल तर घरचे पाठवत नाहीत हे इथल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. क्रेडिट बँक, म्हणजे एका कॉलेजात मिळवलेले क्रेडिट जमा ठेवून दुसरीकडे वापरायची सोय, आलीच आहे, तर कणकवलीच्या कॉलेजातल्या मुलाला एक सेमिस्टर रत्नागिरी कॅम्पसला करता येईल अशी सोय करा.

आणि हे सगळं नेमकं कधीपर्यंत होणार ते तारखेसकट लेखी जाहीर करा, एवढीच विनंती.

आपला,
सिंधुदुर्गातला एक पालक